अपत्याचा रकाना

प्रस्तावना

एकाच दिवशी, एकाच इमारतीत माझ्या दोन तारखा होत्या. सकाळची फाईल एका सरपंचबाईंची. तिसरं मूल झालं म्हणून त्यांना अपात्र ठरवा, असा विरोधी पॅनेलकडून आलेला अर्ज होता. दुपारची फाईल एका जोडप्याची. लग्नाला चौदा वर्षं झालेली, त्यातली चार दत्तकाच्या यादीत नंबर कधी लागतो हे बघण्यात गेलेली, आणि आता संस्थेतून घरी आणलेली अकरा महिन्यांची मुलगी. तिच्या दत्तकाचा आदेश व्हायचा होता. पहिल्या प्रकरणात निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, दुसऱ्यातही त्यांचाच. कारण बालन्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं दत्तकाचे आदेश देण्याचं काम न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ते लागू झालं.

मधल्या वेळात चहाला खाली उतरले. टेबलावर दोन्ही फायली एकावर एक ठेवल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटत होती म्हणून वर चष्म्याची डबी ठेवली, आणि तेव्हा सहज दिसलं की दोन्हीकडे एक रकाना सारखाच आहे : अपत्यांची संख्या. सकाळच्या फाईलीत तिथे तीन होते म्हणून भांडण. दुपारच्या फाईलीत शून्य होतं, आणि ते शून्य सिद्ध करायला डॉक्टरांचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पोलिसांचा दाखला आणि शेजाऱ्यांचं मत अशी चाळीसएक पानं जोडलेली.

त्या रकान्यावर हे पुस्तक आहे.

पालक होण्यासाठी सरकारची परवानगी लागावी का, असा प्रश्न टाकला की लोक आधी हसतात, मग ‘परदेशात असेल असं काही’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीतल्याच एका शासकीय संस्थेत वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय नेमका हाच. अनुकूल बाजूच्या एका मुलीनं टेबलावर हात आपटून विचारलं, ‘स्कूटी चालवायला लायसन लागतं, मेडिकल स्टोअर उघडायला लागतं, मग एक आख्खं माणूस घडवायला का नको?’ टाळ्या पडल्या. तिला कल्पना नसावी, पण हाच युक्तिवाद ह्यू लाफोलेट नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८० मध्ये मोठ्या गांभीर्यानं मांडला होता : ज्या कामातून दुसऱ्याला इजा होऊ शकते, ज्याला काही किमान कुवत लागते आणि ती कुवत आधी तपासता येते, अशा प्रत्येक कामाला आपण परवाना मागतो; दत्तक घेणाऱ्यांची तर तपासणी आपण करतोच; मग बाकीच्यांना का सोडायचं? प्रतिकूल बाजूची मुलं स्वातंत्र्यावर छान बोलली. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. हे सगळं पुढे कधीतरी होणार आहे, असं धरून सगळे बोलत होते.

बक्षीस समारंभानंतर चहाचे कप गोळा करणारा शिपाई माझ्यापाशी थांबला. म्हणाला, ‘मॅडम, मी तर नमुना ‘अ’ भरून दिलाय. नोकरी लागताना.’ महाराष्ट्र शासनाचे लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम २००५ चे आहेत. गट ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत कुठल्याही पदावर लागायचं तर दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत हे लिहून द्यावं लागतं. तासभर चाललेल्या वादविवादातलं सगळ्यात अचूक वाक्य त्या शिपायाचं होतं, आणि त्याला बक्षीस द्यायची सोय नव्हती.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळत राहायला नको. परवानगी आपल्याकडे आहेच, बरीच जुनी आहे. ती सगळ्यांना लागत नाही. ज्याला कशासाठी तरी सरकारच्या दारात जावं लागतं, पद हवं, नोकरी हवी, दत्तक मूल हवं, उपचार हवे, त्यालाच ती विचारली जाते. आणि यातली एकच परवानगी मला पटते. कुठली आणि का, ते पुढे येईल.

कोकणातल्या माणसाला मुलासाठी परवानगी मागणं नवं नाही. आमच्याकडे ती ग्रामदेवतेकडे मागतात. कौल लावतात, देवाच्या अंगावरची कळी उजवीकडून पडते की डावीकडून याकडे घर श्वास रोखून बघत असतं. शिमग्यात पालखी दारात आली की नव्या सुनेची ओटी भरतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो, पुढल्या शिमग्याला या घरात पाळणा हलू दे म्हाराजा. मागे उभी असलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवानं नकार दिला तरी त्याच्याशी भांडता येतं, नवस वाढवता येतो, दुसरा देव धरता येतो. सरकारचं तसं नसतं.

सरकारनं या कामात हात घातल्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण आमच्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. लांजा तालुक्यातलं कोट हे झाशीच्या नेवाळकरांचं मूळ गाव. म्हणजे राणी लक्ष्मीबाईचं सासर इथलं. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकरांनी मरणाच्या दारात असताना भाऊबंदांतला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला, त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. विधी कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या समोर झाला. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं असं की मांडलिक राजाला वारस दत्तक घ्यायचा तर आधी कंपनीची मंजुरी हवी. साताऱ्याला १८४८ मध्ये हेच कारण देऊन गादीचा दत्तक नाकारला होता. यातली कायद्याची गंमत, तिला गंमतच म्हणायचं तर, अशी की कंपनीनं दामोदररावाला मुलगा म्हणून नाकारलं नाही. बापाच्या खासगी मालमत्तेपुरता तो मुलगा होता. गादीपुरता नव्हता. एकच पोर एका कागदावर मुलगा आणि दुसऱ्या कागदावर कोणीच नाही. ही हातचलाखी वाचकानं लक्षात ठेवावी. दीडशे वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं एका दत्तकानंच खाल्ली. बाबा महाराज पंडित १८९७ मध्ये गेले, टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त. १९०१ मध्ये त्यांच्या विधवा पत्नी ताई महाराजांनी औरंगाबादेस घेतलेला दत्तक खरा की खोटा, यावरून फौजदारीपर्यंत गोष्ट गेली. १९०४ मध्ये टिळक उच्च न्यायालयात निर्दोष सुटले, पण दत्तकाचा दिवाणी निकाल प्रिव्ही कौन्सिलकडून लागायला १९१५ उजाडलं. मधली सहा वर्षं मंडालेची. आमच्याकडे भाऊबंदकीतल्या कलमांच्या बागेवरून दत्तकपत्राचे दावे आजही चालतात, तेव्हा अशील फार घाईला आला की मी त्याला ही हकीकत सांगते. तो गप्प होतो.

पण या पुस्तकाचा खरा पूर्वज दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १४ जानेवारी १८८२. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, कॉलेजातली नोकरी गेली, जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही हे त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मिळून ठरवलं होतं. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणानं छापणं हे त्या काळी अश्लीलतेच्या खटल्याला आमंत्रण होतं. १९३१ मध्ये त्यांना दंड झाला, १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला तेव्हा त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मुरूडचे कर्वे आणि मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे आंबेडकर : मुंबईच्या कोर्टात त्या दिवशी आमचा उत्तर रत्नागिरी चांगलाच हजर होता. खटला हरले. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, संततिनियमनाच्या सोयी सरकारनं पुरवाव्यात असा ठराव आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात आला. तोही फेटाळला गेला.

आता यापुढे १९७६ ठेवून बघा. आणीबाणी, मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. त्याच मुंबईच्या विधिमंडळानं कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारं विधेयक मंजूर केलं. तीन हयात मुलं झाल्यावर नसबंदी सक्तीची. टाळली तर तुरुंग. देशात असं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य आपलं. राष्ट्रपतींची मोहोर त्यावर कधीच उमटली नाही, पुढल्या वर्षी आणीबाणी उठली आणि कागद कपाटात गेला. संततिनियमन सांगणाऱ्या माणसाला दंड, आणि पंचेचाळीस वर्षांनी मूल टाळलं नाही म्हणून तुरुंगाची तयारी. दोन्ही वेळी सरकारला आपली बाजू नैतिक वाटत होती. कर्व्यांच्या केंद्राच्या दारात कोणी आपल्या पायांनी यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. त्यांच्या नावानं पुढे कुटुंबनियोजनाची भाषणं ठोकणाऱ्यांना हा फरक कळला होता असं मला वाटत नाही.

सक्ती गेली, रकाना मात्र राहिला. १९९५ च्या दुरुस्तीनं ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये एक पोटकलम घातलं गेलं, सप्टेंबर २००० मध्ये ते लागू झालं, एक वर्षाची सवलत दिली गेली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की सदस्य किंवा सरपंच राहता येत नाही. हरियाणाचं असंच कलम सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००३ मध्ये वैध ठरवलं, त्यामुळे घटनात्मक भांडण तिथेच मिटलं.

हे कलम जमिनीवर कसं चालतं ते सांगायला हवं, कारण पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्यावर आहे. छाननीच्या दिवशी तहसीलच्या आवारात फणसाच्या झाडाखाली दोन्ही पॅनेलं उभी असतात. आत टेबलावर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जातीचे दाखले. एखादा कार्यकर्ता खिशातून चौघडी घातलेला कागद काढतो : जन्मनोंदीचा उतारा. बहुतेक वेळा हा उतारा त्याच ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून काढलेला असतो. ज्या आईनं शहाणपणानं वेळेत नोंद केली, पोलिओचे डोस वेळेवर पाजले, अंगणवाडीत नाव घातलं, तिच्याविरुद्ध पुरावा भक्कम. जिनं मूल नणंदेच्या नावावर दाखवलं किंवा मुंबईला चाळीत ठेवलं, ती सुटते. सत्तावीस वर्षांच्या वकिलीत मी दोन्ही प्रकारच्या बाया पाहिल्या. पहिल्या प्रकारच्या बायांना मी जिंकवू शकले नाही.

त्या सकाळच्या फाईलीतल्या सरपंचबाई पहिल्या प्रकारच्या. नवरा मुंबईला कंपनीत, गणपती आणि शिमग्याला येणारा. दोन मुली, मग मुलगा. तिसऱ्याचा निर्णय कोणी घेतला होता ते विचारू नये इतकं उघड होतं. पद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा गावानंच त्यांना उभं केलं, कारण त्या बचत गटाचे हिशेब चोख ठेवायच्या. प्रतिज्ञापत्र पॅनेलच्या लोकांनी भरून आणलं, त्यांनी सही केली. पाणीयोजनेच्या ठेक्यावरून बिनसलं तेव्हा त्याच लोकांतल्या एकाला जन्माचा उतारा आठवला. सुनावणीत एकही माणूस पाण्याबद्दल बोलला नाही. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून त्या मला म्हणाल्या, ‘बाय, प्वार मोजलानी सगल्यांनी. पन तवा माला कोन इचारलान?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडेही नाही. कलम आई आणि बाप दोघांना लागू आहे, पण ज्या गावात बाईला तिसऱ्या बाळंतपणाबद्दल बोलायची सोय नाही, तिथे शिक्षा मात्र तिच्या नावावर लागते. आणि हे कुठल्या जिल्ह्यात? २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये १६,१५,०६९. म्हणजे लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याचं कलम लागू झाल्यावर ज्या जिल्ह्यात माणसं वाढण्याऐवजी ऐंशी हजारांनी घटली, हजार पुरुषांमागे ११२२ बाया उरल्या, वाड्यांतल्या घरांना कुलपं लागली, शाळांचे पट एक आकडी झाले आणि शिक्षक टिकवायला पोरं शोधत हिंडायची पाळी आली, तिथेही तिसरं मूल अपराध आहे. राज्याचा एकूण प्रजननदर २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता; एका जोडप्यामागे दोनसुद्धा नाही. कलमाला ते ठाऊक नाही.

आता ती हातचलाखी. त्याच कलम १४ च्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की ‘अपत्य’ या शब्दात दत्तक मूल येत नाही. हेतू चांगला असेल. पण दत्तकाचा कायदा सांगतो की आदेश झाल्यापासून ते मूल सर्व अर्थांनी त्या आईबापांचं, जणू पोटचंच. मग दत्तक मुलगी वारसाहक्कासाठी अपत्य आणि पंचायतीसाठी नाही. डलहौसीनं गादी आणि खासगी मालमत्ता यांत जी भिंत घातली, ती आपण मायेनं पुन्हा बांधली. उलट बाजूही आहे. ओडिशातल्या एका सरपंचानं तिसरं मूल दत्तक देऊन टाकलं होतं; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दिलं तरी मोजलं जाईल, कारण मर्यादा जन्माला घातलेल्या मुलांवर आहे. आणि आपल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये ठरवलं की नवऱ्याच्या आधीच्या बायकोची मुलं सावत्र आईच्या खात्यात मोजायची नाहीत. कायद्याच्या दृष्टीनं हे सगळे निकाल सुसंगत आहेत. मला फक्त एवढं दिसतं की मूल कोणाचं, हे ठरवताना मूल कुठेच नसतं.

दुपारच्या फाईलीकडे येते.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची नोंद केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. नवराबायकोच्या वयाची बेरीज बघतात : दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर पंच्याऐंशीच्या आत. लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. घरात आधीच दोन मुलं असतील तर २०२२ च्या नियमांप्रमाणे फक्त विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला घर मिळणं अवघड आहे असं मूलच मिळू शकतं. देशभरात तीस हजारांहून जास्त पालक रांगेत आणि वर्षाला दत्तक जाणारी मुलं चार हजारांच्या आसपास, म्हणून तीन-चार वर्षं वाट बघणं ठरलेलं. आणि मग गृहभेट.

माझ्या अशिलांच्या गृहभेटीला मी हजर होते, मैत्रीण म्हणून. वकिलाचं तिथे काम नसतं. शहराबाहेर जुनं चिऱ्याचं घर, मागे हापूसची पंचवीस-तीस कलमं. बाई पहाटे चारपासून फरशी पुसत होती. खिडकीच्या गजांना तिनं जुन्या टूथब्रशनं घासलं होतं. समाजसेविका साधी, नम्र, चप्पल बाहेर काढून आली. पोहे तिनं खाल्ले नाहीत, पाणी घेतलं. मग वही काढली. भांडण झालं की तुम्ही काय करता? मूल सावळं असेल तर सासूबाई काय म्हणतील? तुमच्यापैकी एक गेलं तर? सासूबाईंनी सांगितलं, ‘माझी सून सावळीच आहे की.’ तेवढ्यावर सगळे हसले, समाजसेविकाही. नंतर ती मागच्या अंगणात गेली. विहिरीला कठडा आहे का, त्यावर जाळी बसवाल का, कलमांवर फवारायची औषधं कुठे ठेवता. औषधांचे डबे पडवीत, हाताला येतील असे होते. नवऱ्याच्या कपाळाला घाम फुटला. त्याच संध्याकाळी त्यानं पडवीला कुलपाचं कपाट करून घेतलं.

आणि आम्ही विहिरीपाशी उभे असताना कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं दीडेक वर्षाचं पोर, कमरेला करदोटा फक्त, त्यांच्या बिनकठड्याच्या विहिरीच्या काठाशी कोंबडीच्या मागे दुडदुडत होतं. त्याची आई आत भाकऱ्या थापत होती. समाजसेविकेनंही पाहिलं. तिच्या वहीत त्यासाठी जागा नव्हती.

लाफोलेटचा आणि त्या स्पर्धेतल्या मुलीचा मुद्दा मला सर्वांत जवळून तिथे पटला. आठ दिवस पटत राहिला. कौटुंबिक हिंसेची प्रकरणं चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला तो रात्री कधीतरी पटतोच. बापाच्या पट्ट्याचे वळ अंगावर घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईबापांना जर कोणी आधी प्रश्न विचारले असते, असं मनात येतं.

पण मग विचार करू लागले की दत्तकात सरकार प्रश्न विचारतं ते कोणत्या अधिकारानं. तिथे मूल आधीच जन्मलेलं आहे, त्याचं कोणी नाही, आणि कायद्यानं ते सरकारच्या पदरात आहे. आपल्या पदरातलं मूल दुसऱ्याच्या पदरात घालताना मावशीसुद्धा चार घरं बघेल. घेणाऱ्याची परीक्षा होते ती मुलाच्या वतीनं, आणि १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं दत्तकाला शिस्त लावली तीही मुलं परदेशी विकली जाण्याच्या भीतीमुळे. ही एकच परवानगी मला पटते. जे मूल अजून नाही त्याच्या वतीनं कोणी बोलायला लागला की तो खरं तर दुसऱ्याच कोणाच्या तरी वतीनं बोलत असतो : खजिन्याच्या, जातीच्या, वंशाच्या, लोकसंख्येच्या आकड्याच्या. ‘समाजस्वास्थ्य’ निघालं त्याच १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली, ती मंदबुद्धी आहे असं सांगून. चीननं एक मूल धोरणात जन्माआधीचे परवाने वर्षानुवर्षं वाटले. परवाना देणाऱ्या खिडकीशी नेहमी तेच लोक उभे राहतात, ज्यांना ती खिडकी टाळून जाता येत नाही.

हे लांबचं वाटत असेल तर १९९४ आठवा. शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असं कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी आरडाओरडा केला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींचं पालक सरकारच होतं. मूल होऊ शकणं-न शकणं सोडाच, त्यांना कोणी काही विचारल्याचंही दिसत नाही. आमच्या रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. तिथल्या बायांच्या कागदांबद्दल काम करताना शिरूर माझ्या डोक्यातून जात नाही. २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सौम्य मतिमंद प्रौढ स्त्रीच्या गर्भाबद्दल तिच्या संमतीशिवाय निर्णय घेता येणार नाही. मूल होऊ देणं वा न देणं हा तिच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग. तिला ते मूल हवं होतं. पंधरा वर्षांत आपण तेवढे पुढे आलो.

सरोगसीच्या २०२१ च्या कायद्याबद्दल एक छोटं प्रकरण आहे. आधी वयाची अट, मग वैद्यकीय मंडळाचा दाखला, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी तीन दारं. तो कायदा अजून कोर्टाकोर्टांतून घासला जातो आहे, म्हणून मी त्यावर फार बोललेले नाही.

मग विहिरीच्या काठावरच्या त्या शेजारच्या पोराचं काय, असं विचारणारा वाचक बरोबर विचारतो. त्याच्यासाठी अंगणवाडीताई आहे, आशाताई आहे, जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे, १०९८ हा क्रमांक आहे. त्यांना माणसं, मानधन आणि गाडीभाडं वेळेवर मिळालं तर बऱ्याच विहिरींना कठडे होतील. लायसनच्या खात्यापेक्षा ते स्वस्त पडेल. त्या शेजारणीला मीच दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. ती रागावली, दोन महिने बोलली नाही, आणि मे महिन्यात कठडा बांधून घेतला.

पुस्तकात काय नाही तेही सांगते. आकडेवारीचे तक्ते नाहीत. ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ हा शब्दप्रयोग एकदाही नाही. कोणत्या धर्माचे लोक किती मुलं जन्माला घालतात, या विषयावर ज्यांना वाचायचं आहे त्यांनी पैसे वाचवावेत. कलमांचे आकडे शक्य तिथे गाळले आहेत. वकील वाचकांनी त्याबद्दल रागावू नये, आपसात भेटू तेव्हा सांगेन.

अशिलांच्या कहाण्या त्यांच्या संमतीनं, ओळख पुसून दिल्या आहेत. दुपारच्या फाईलीतली मुलगी आता बालवाडीत जाते आणि विहिरीच्या जाळीवरून आंबे खाली टाकते. सकाळच्या फाईलीतल्या बाईंचं पद गेलं, अपिलात गेलो, तिथेही हरलो. हस्तलिखित छापायला देण्याआधी त्यांच्याकडे गेले. ओसरीवर बसून त्यांच्याबद्दलची पानं मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, छापू का. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मुलगा आतून दप्तर घेऊन आला, बाहेर गेला. त्याच्या शाळेचा पट नऊ आहे, त्यात तो धरून. मग म्हणाल्या, ‘छाप. पन गावाचा नाव नको घालूस. प्वाराला शालंत तिसरा म्हनून चिडवतात.’

म्हणून त्या गावाचं नाव या पुस्तकात कुठेही आलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला ते ओळखू आलं, तर त्यांनीही ते स्वतःपाशीच ठेवावं.

रत्नागिरी